वहीची फुलं

सुनंदाताईंची चैत्रगौर रद्दीवर बसते, हे ग्वाल्हेरच्या मराठी मंडळींत लहानथोर सगळ्यांना ठाऊक आहे. बघून ठाऊक असणारे थोडे. बाकीच्यांनी ते त्यांच्या यजमानांच्या, मधुसूदनबुवांच्या, कीर्तनात ऐकलेलं. दर रामनवमीला बुवा सांगत आणि लोक हसत.

पण हरिशंकरपुरमातल्या त्या दोन खोल्यांच्या घरात चैत्रात कुणी खरंच पाऊल टाकलं, तर चप्पल काढता काढता थांबावं अशी आरास असे. चपलांच्या खोक्यांच्या पायऱ्या, वर जुन्या इरकलीचे काठ. गेरूने रंगवलेल्या करवंट्या आणि त्यांत गव्हाचे बोटभर हिरवे अंकुर. लग्नपत्रिका कापून केलेले पोपट, खिडकीला दोऱ्यात ओवलेल्या कांद्याच्या सालींचा पडदा. सकाळचं ऊन त्यातून आलं की भिंत गुलाबी होई. विकतचं म्हणाल तर सुईदोरा, बस्स. त्या सगळ्याच्या मध्ये पितळी झोपाळ्यात वीतभर उंचीची गौर. घर कसं, माहेरी आलेल्या मुलीच्या तोंडासारखं उजळायचं.

यंदा मात्र फाल्गुनातच त्या घरात वेगळं काही सुरू झालं.

बुवांना गेल्या कार्तिकात अर्धांगाचा झटका आला होता. वय चौऱ्याहत्तर. हात परतला, पाय परतला, गळा तर असा परतला की रामाचीच कृपा म्हणावी. पण डोक्यातलं कुणी केरसुणीने झाडून नेलं. सकाळचं दुपारी आठवेना. आख्यानं गेली, साक्या गेल्या, दिंड्या गेल्या. हातात राहिली ती लाल खारव्यात बांधलेली जाड वही. आयुष्यभराची कीर्तनं, निळ्या शाईत, घोटीव अक्षरात. लष्कर भागातल्या रामाच्या देवळात नवमीचं कीर्तन चाळीस वर्षं बुवांचंच. मंडळाने यंदाही पत्रिकेत त्यांचंच नाव घातलं. शेवटचं असं कुणी म्हणालं नाही, पण सगळ्यांच्या मनात तेच होतं.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. त्यामुळे होळी झाल्यावर रोज सकाळी वही वाचून दाखवायचं काम सुनंदाताईंकडे आलं. त्या ओळ वाचायच्या, बुवा ती गळ्यावर घ्यायचे. लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली, पण ती वही त्यांनी कधी उघडली नव्हती. वहीला हात लावायचा नाही, हा बुवांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलेला नियम होता.

आत पानांच्या कडेला लाल शाईच्या खुणा होत्या. ‘येथे चाल बदलणे.’ ‘येथे पेटी थांबेल.’ एका ठिकाणी ‘येथे डोळे पुसणे’ असं होतं. ते वाचून सुनंदाताईंना हसू आलं. रामनवमीच्या आख्यानात कौसल्येच्या डोहाळ्यांपाशी त्या पोचल्या, आणि तिथे कडेला लिहिलं होतं:

‘येथे सासूची गोष्ट. हशा. थांबणे. पुन्हा हशा.’

त्यांनी ती ओळ वाचली नाही. पण बुवा तिथे थांबलेच नाहीत. वर बघून, कुणी समोर बसलंय असं समजून, त्यांनी सुरू केलं:

“कौसल्येला नववा लागला. आता नववा म्हटलं की मला आमच्या सासूबाई आठवतात! सासूबाई आमच्या बिर्ला नगरच्या, गिरणीत कामाला. सकाळी जात तेव्हा काडी. संध्याकाळी भोंगा झाला की फाटकातून निघत त्या अशा...” बुवांनी पोटापुढे हात धरून गोल केला. “दरवान विचारी, ‘अम्मा, अंदर क्या है?’ सासूबाई म्हणत, ‘भैया, गौरा मैया है!’ तो बिचारा हात जोडी. घरी येऊन बाई लुगडं सोडत, की शेरभर चिंध्या! त्या चिंध्यांवर आमची गौर आजतागायत बसते. म्हणून म्हणतो मंडळी, कौसल्येच्या पोटी राम आला, आमच्या सासूच्या पोटी आली चोरी!”

सुनंदाताईंची आई विधवा होती. पंचविसाव्या वर्षी कुंकू पुसलेली. भरल्या देवळात विधवेच्या पोटाचा आकार हातांनी काढून दाखवला तेव्हा ती स्वतः बायकांच्या तिसऱ्या रांगेत बसलेली होती. अडतीस वर्षांपूर्वीची पहिली वेळ ती. सगळे हसले म्हणून तीही हसली. पदर तोंडाला लावून, मान डोलावून हसली. कीर्तन संपल्यावर जावयाच्या पाया पडली. मग लेकीच्या घरी ती पुन्हा कधी आली नाही. चार वर्षांनी गेली. खोली रिकामी करताना पलंगाखाली चिंध्यांच्या चार पिशव्या सापडल्या. धुतलेल्या, रंगवार लावलेल्या. दर चैत्राची एक.

त्या चिंध्या चोरीच्या नव्हत्याच. मुकादम आठवड्याला एकदा फाटकावर सगळ्यांना वाटायचा. आई पदरात बांधून आणायची, उघड्यावर.

“अहो,” सुनंदाताई म्हणाल्या, “या वर्षी ती गोष्ट नको.”

“कुठली?”

“आईची.”

“अगं, त्यातच तर रंग आहे! आख्यान म्हणजे नुसता वरणभात का? लोणचं लागतं.”

“माझी आई लोणचं?”

बुवा खुदखुदले. “वा! बघ कशी बोललीस! हे घालायला हवं. घे, कडेला लिहून ठेव.”

“आजवर कधी काही मागितलं नाही मी. एवढं सोडा.”

“बरं बरं, सोडलं,” बुवा म्हणाले. ते त्यांच्या ध्यानात चहा येईपर्यंत टिकलं.

पाडव्याच्या आदल्या दिवशी सुनंदाताईंनी ते एक पान वहीतून काढलं. अलगद, ब्लेडने, शिवण उसवू न देता. दुसऱ्या सकाळी त्या मागचं पान वाचून थेट पुढच्यावर गेल्या. पण डोहाळे आले आणि बुवांचे हात आपसूक पोटापुढे गोल झाले. एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही. पान गेलं, गोष्ट जागच्या जागी.

तेव्हा त्यांना कळलं की एक पान काढून भागायचं नाही. वहीतली ओळ कुणी सांगितल्याशिवाय बुवा कीर्तनाला उभे राहूच शकत नव्हते. वही नाही तर कीर्तन नाही, आणि कीर्तन नाही तर आईचं पोटही नाही.

चतुर्थीला सकाळचं वाचन झाल्यावर त्यांनी हात धुतले, वहीला कपाळ टेकवलं, आणि कात्री घेतली. पात्यांखाली रामाचं नाव आलं. पण कात्री थांबली नाही.

वरच्या मजल्यावरची रुचिका त्याच दुपारी मोबाईल घेऊन आली. ही मराठा घराण्यातली सून. पणजोबा शिंदेशाही फौजेत होते, नवरा इन्शुरन्समध्ये आहे. मराठी तिची अर्ध्या वाटेत हिंदी होते.

“काकी, फूल बनवताना तुमचा व्हिडिओ घेते ना. फक्त हात. खाली लिहीन, बिना खर्चे बसंत की सजावट.”

“फक्त हात का? तोंडाला काय झालंय माझ्या?”

“अय्या! मग लाजणार कोण? मागच्या वेळी पदर ओढून बसला होतात तुम्ही. हां, बोला आता. पहले क्या करना है?”

“पहिल्यांदा तीन बोटं रुंद पट्ट्या कापायच्या. एका कडेला कात्रीने बारीक झालर, पण आरपार नाही, धड राहिली पाहिजे. मग खराट्याची काडी घ्यायची, टोकाला कणकेची खळ लावायची आणि पट्टी गुंडाळत जायची. सैल नाही, घट्ट. घट्ट गुंडाळली की झालर आपोआप उघडते.”

“और रंग?”

“होळीला भिजवलेला पळस उरलाय. त्यात हळद. थोडा चुना टाकला की केशरी लाल होतं. नुसतं बुडवायचं आणि लगेच काढायचं, नाहीतर कागद बसतो.”

रुचिकाने एक फूल उचललं. फिरवून पाहिलं. झालरीच्या मुळाशी निळी अक्षरं होती. शाई फुटलेली, पण अक्षरंच.

“काकी,” तिने मोबाईल खाली केला, “हे तर बुवाकाकांचं लिखाण आहे ना?”

“जुनं आहे.”

“पण त्यांना विचारलं ना तुम्ही?”

“चव्वेचाळीस वर्षं विचारतेय. तू तुझं काढ चित्र.”

रुचिकाने क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं आणि मोबाईल पुन्हा वर केला. फूल सुंदर होतं. तिला रात्रीच्या आत व्हिडिओ टाकायचा होता.

पंचमीला हळदीकुंकू. त्या दिवशी घरात पुरुषाने थांबायचं नाही, म्हणून बुवांना लक्ष्मीकांतांकडे नेऊन बसवलं. लक्ष्मीकांत म्हणजे बुवांचे पेटीवाले. इकडे चाळीसेक बायका आल्या. कैरीची डाळ, पन्हं, भिजवलेले हरभरे, अत्तर, गुलाबपाणी. आणि यंदा प्रत्येकीच्या ओटीत एक झेंडूचं फूल. कागदाचं, पण दुरून कुणी सांगावं!

“बाई, काय रंग आलाय! आणि ही कडेची हिरवट झाक कशाची?”

“पिवळ्यात निळं उतरलं की येते ती,” सुनंदाताई म्हणाल्या.

थाटीपुरच्या एक बाई नव्या सुनेला घेऊन आल्या होत्या. त्यांनी सुनंदाताईंच्या दंडाला चिमटा काढला. “यंदा पण सांगणार ना हो बुवा, तुमच्या आईची? आमच्या गरिमाला ऐकवायचीय. म्हटलं, तू खूप सीरियल बघतेस, एकदा आमच्या बुवांचं ऐक. पोट धरून हसशील.”

“पोट धरूनच ना?” सुनंदाताई म्हणाल्या, आणि त्या बाईंना दोन फुलं दिली.

संध्याकाळपर्यंत वही चाळीस घरांत गेली. त्राटिकेचा वध हरिशंकरपुरमातच राहिला, अहल्या थाटीपुरला गेली, सेतू बांधायचा तो बिर्ला नगरच्या एका टीव्हीवर जाऊन बसला. उरलेली फुलं झोपाळ्याला.

षष्ठीला सकाळी बुवा आंघोळ करून, उपरणं घेऊन बसले. “वही आण ग.”

“वही कापली मी.”

“कापली म्हणजे?”

“फुलं केली. ती बघा.”

किती वर्षं ते वाक्य सुनंदाताईंच्या आत दबा धरून होतं कोण जाणे. बोलल्यावर त्यांना सुख झालं. ते लपवण्यात अर्थ नाही. छातीतलं काहीतरी सैल झालं, आईने कुठून तरी ऐकलं असं वाटलं.

बुवा उठले. झोपाळ्याचं एक फूल त्यांनी काढलं आणि डाव्या हाताने उलगडायला लागले. खळीने घट्ट बसलेला कागद फाटत फाटत निघाला. ते तुकडे त्यांनी डोळ्यांच्या अगदी जवळ नेले.

“इथे राम आहे का ग? बघ ना. इथे काय लिहिलंय?”

“काही नाही. शाई उतरली.”

“दुसरं बघू,” बुवा म्हणाले. अशी अकरा फुलं त्यांनी उलगडली. मग गौरीसमोर बसून लहान मुलासारखे रडले, आवाज करून.

सप्तमीला सकाळी आंघोळ करून, उपरणं घेऊन ते बसले. “वही आण ग.”

सुनंदाताईंचे हात कणकेत होते. त्या थबकल्या. बुवांच्या चेहऱ्यावर कालचं काहीच नव्हतं. नवा कोरा, आतुर चेहरा.

“कापली मी,” त्या म्हणाल्या.

“कापली म्हणजे?”

पुन्हा तेच. पुन्हा फूल, पुन्हा ‘इथे राम आहे का ग’, पुन्हा ते रडणं. जणू पहिल्यांदाच. अष्टमीला सुनंदाताईंनी पाठमोऱ्या राहून, पोळी लाटता लाटता सांगितलं, आणि लाटणं थांबवलं नाही. सुख षष्ठीलाच संपलं होतं. उरली होती ती नुसती रोज सकाळी एका म्हाताऱ्याला मारायची रीत.

त्या दुपारी त्यांनी लक्ष्मीकांतांना फोन केला. “भाऊजी, उद्याचं रद्द करा. यांना जमायचं नाही.”

“वहिनी, वहीचं कळलं मला. माझ्याच बायकोच्या ओटीत आलं फूल. काय हो केलंत हे?” लक्ष्मीकांत म्हणाले. “पण लोकांना बुवा दिसले तरी पुरे आहे. दहा मिनिटं गातील, नमन त्यांचं पाठ आहे. पुढे मी सांभाळतो. रामजन्म बाराला, तेवढं पोचवतो मी. येऊ द्या त्यांना.”

नवमीला बुवा चार वाजताच उठले. धोतर, अंगरखा, पगडी. सगळं स्वतः घातलं. “वही आण ग.”

सुनंदाताई कपाटापाशी गेल्या. चौथ्यांदा त्यांना ते झेपणार नव्हतं. त्यांनी कपाटातली यंदाची बँकेची डायरी काढली, लाल खारव्यात गुंडाळली, वर गाठ मारली आणि बुवांच्या हातात दिली. बुवांनी ती छातीशी धरली, डोळे मिटले. “आहे ना सगळं?”

“आहे.”

ही दया होती. असं त्यांना वाटलं तरी.

देऊळ भरलं होतं. कुलर लावूनही घाम. बायकांच्या पुढच्या रांगेत सुनंदाताई, शेजारी रुचिका. बुवांनी चिपळ्या हातात घेतल्या आणि नमन उचललं. काय सांगू! तो आवाज लागला आणि सगळ्या देवळाने एक श्वास घेतला. सुनंदाताईंच्याही अंगावर काटा आला. लक्ष्मीकांतांनी पेटीवर पुढचा शब्द पेरत पेरत पूर्वरंग पार पाडला. बुक्का लागला, हार घातले. अकरा वाजून गेले.

उत्तररंगाला, म्हणजे आख्यानाला, बुवांनी वहीची गाठ सोडली.

पहिलं पान, एक जानेवारी. कोरं. त्यांनी पान उलटलं, दोन जानेवारी. बोटाला थुंकी लावून ते पानं उलटत राहिले, फेब्रुवारी, मार्च. चष्मा पुसला. मग मान वर करून त्यांनी बायकांच्या रांगेत पाहिलं, सरळ सुनंदाताईंकडे. त्या नजरेत राग नव्हता. पुढची ओळ सांग, एवढंच होतं. रोज सकाळी सांगते तशी.

सुनंदाताईंनी मान खाली घातली.

लक्ष्मीकांतांनी पेटीवर स्वर दिला. बुवा उभेच. मग अचानक चेहरा फुलला, सापडलं त्यांना काहीतरी.

“कौसल्येला नववा लागला! आता नववा म्हटलं की मला आमच्या सासूबाई आठवतात!”

देवळात खसखस पिकली. हात पोटापुढे गोल झाले. दरवानाने विचारलं. गौरा मैया आली. थाटीपुरच्या बाई सुनेच्या मांडीवर थाप मारून हसल्या, आणि गरिमा खरंच पोट धरून हसली.

हशा ओसरला. लक्ष्मीकांतांनी घाईने दशरथाच्या दिंडीची चाल सुरू केली, पण बुवांनी हात करून त्यांना थांबवलं. “कौसल्येला नववा लागला. आता नववा म्हटलं की...”

या वेळी लोक हसले, पण एकमेकांकडे बघत. विसरले बिचारे, हसा. तिसऱ्यांदा कौसल्येला नववा लागला तेव्हा कुणी हसलं नाही. मागून एका पोराने विचारलं, “मम्मी, ये तो अभी सुनाया था ना?” आईने त्याचं तोंड दाबलं. कुलरचा आवाज मोठा झाला. बुवा पोटापुढे हात धरून उभे होते आणि हशाची वाट बघत होते. हशा येत नाही म्हणून हात आणखी पुढे नेत होते. पोट मोठं होत होतं.

रुचिका पुटपुटली, “काकी, कुछ करो ना.”

सुनंदाताई उठल्या. देवळात कीर्तन चालू असताना बाई उठून बोलत नाही. चाळीस वर्षांत कुणी बोललं नव्हतं.

“माझ्या आईने चोरी केली नव्हती,” त्या म्हणाल्या. आवाज फाटका निघाला, पण शेवटपर्यंत गेला. “चिंध्या मुकादम द्यायचा, सगळ्यांना. ती पदरात आणायची. पोटावर नाही. पदरात!”

मग पुरुषांच्या बाजूने कुणीतरी म्हणालं, “वा! लेक आली वकिलीला!”

आणि देऊळ फुटलं. इतका वेळ कोंडलेली माणसं सुटल्यासारखी हसली. म्हणजे हे असं बसवलंय होय! जुगलबंदी! म्हातारा तीनदा उगाच नाही सांगत होता! टाळ्या पडल्या. लक्ष्मीकांतांच्या डोळ्यांत पाणी आलं, सुटकेचं, आणि त्यांनी पेटीवर एक झोकदार तान टाकली. बुवांचा चेहरा असा उजळला जसा झटक्यानंतर कधी उजळला नव्हता.

“ऐका, ऐका!” त्यांनी चिपळ्या वाजवल्या. “पदरात म्हणते! मग पदराखाली काय होतं ते सांग!”

“नाही हो, ऐका, मी खरं सांगतेय, मुकादमाचं नाव...”

लोक आणखी हसले. कुणीतरी “वन्स मोर” ओरडलं. रुचिकाने मोबाईल वर धरला होता. या वेळी ती सुनंदाताईंचा चेहरा घेत होती.

पुजाऱ्यांनी घड्याळ पाहिलं आणि दचकून पडदा ओढला. बारा. आख्यान रामापर्यंत पोचलंच नव्हतं. त्या हशातच घंटा सुरू झाल्या, शंख झाला, बायकांनी पाळण्याची दोरी धरली. थाटीपुरच्या बाईंनी सुनंदाताईंना दंडाला धरून पुढे ओढलं. “कमाल केलीत हो! दर वर्षी दोघांनी असंच करा. या, या, पहिली दोरी तुमच्या हातची!”

“अहो, पण ती माझी आई...” सुनंदाताई म्हणाल्या.

वरून मूठ मूठ गुलाल पडत होता. पुढचं सांगायला त्यांनी तोंड उघडलं, आणि ते गुलालाने भरलं.